गरोदरपणात आणि बाळाच्या निगेत खोबरेल तेल : ताटात किती, त्वचेवर कसे?

काला अंब हे नाव मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पानिपत शहराजवळच्या या जागी १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे स्मारक आहे. दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसे इथे येतात आणि परत जाताना इथल्या थंडीच्या आठवणीही घेऊन जातात. जानेवारीत या भागात पहाटेचे तापमान पाच ते आठ अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरते.

आता समजा, नोकरीनिमित्त पानिपतला राहणाऱ्या एका मराठी घरात याच दिवसांत बाळाचा जन्म झाला आहे. माहेरहून आलेल्या बाळंतविड्यात खोबरेल तेलाची बाटली आहे. ती पालथी केली तरी थेंब पडत नाही. तेल मेणासारखे घट्ट झाले आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "सरसों का लगाओ, गरम होता है." आई फोनवर सांगते, "खोबरेलच लाव, आणि टाळू भरायला विसरू नकोस." बाळाची आई मात्र गोंधळली आहे. गोठलेले तेल खराब झाले का? थंड प्रदेशात ते बाधेल का? गरोदरपणी ते खायला हवे होते का?

या टिपणात आपण या प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून उपचार सांगणे हा या टिपणाचा हेतू नाही. तेल म्हणजे काय, ते कसे वागते आणि त्याबद्दल कोणत्या गोष्टी तपासून पाहिल्या गेल्या आहेत, एवढे समजले तर घरातले निम्मे वाद आपोआप मिटतात. मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो : जे तेल ताटात चांगले, ते त्वचेवरही चांगले असेलच असे नाही, आणि उलटही खरे आहे.

१. तेल गोठते म्हणजे काय होते?

सर्व खाद्यतेले मेदाम्लांपासून बनलेली असतात. काही मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. त्यांना संपृक्त म्हणतात. काहींना मध्ये वाक असतो, ती असंपृक्त. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची बांधता येत नाही. तसेच इथे होते. सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट रचल्या जातात आणि तेल लवकर घट्ट होते.

खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. त्यांतले जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. म्हणून हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते. मोहरीच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले जास्त असतात, त्यामुळे ते पानिपतच्या थंडीतही पातळ राहते. कोकणात वर्षाचे बहुतेक दिवस २४ अंशांच्या वर जातात, म्हणून तिथे खोबरेलाची बाटली सहसा पातळच दिसते.

तात्पर्य, गोठलेले तेल खराब झालेले नसते. ही त्याची भौतिक अवस्था बदलली आहे, रासायनिक रचना नाही. खराब झालेले तेल वासावरून ओळखावे : खवट वास आला तर ते बाळाला लावू नये आणि खाऊही नये.

गोठण्याच्या या गुणाचा भेसळ ओळखायलाही उपयोग होतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरी करण्यासारखी एक चाचणी सुचवली आहे. पारदर्शक काचेच्या पेल्यात तेल घ्यावे आणि फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, अर्धा तास ठेवावे. खोबरेल गोठते; त्यात दुसरे पातळ तेल मिसळलेले असेल तर ते वेगळा थर धरून राहते. या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवा. पाम-गरीचे तेल खोबरेलासारखेच गोठते, त्यामुळे ती भेसळ यात पकडली जात नाही.

२. तेल पातळ कसे करावे?

अनेक घरांत वाटी थेट गॅसवर ठेवतात. यात धोका आहे आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले, तेलाची उष्माधारकता पाण्याच्या साधारण निम्मी असते. तेवढ्याच आचेवर तेवढ्याच वजनाचे तेल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने तापते. दुसरे, पाणी शंभर अंशांना उकळून आपल्याला इशारा देते. तेल त्याहून कितीतरी तापले तरी शांत दिसते. नवजात बाळाची त्वचा पातळ असते, आणि तेल त्वचेला चिकटून राहत असल्याने भाजणे खोल होते.

सुरक्षित पद्धत अशी : लहान वाटीत दिवसापुरते तेल काढा. ती वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि स्वच्छ चमच्याने हलवत राहा. थोडा घट्ट गोळा शिल्लक असतानाच वाटी बाहेर काढा. घन आणि द्रव एकत्र असताना दिलेली उष्णता वितळवण्यात खर्च होते. म्हणून नीट हलवलेल्या अशा मिश्रणाचे तापमान वितळणबिंदूच्या आसपासच राहते. शेवटचा गोळा विरघळला की मात्र ते भराभर चढू लागते. बर्फ घातलेले सरबत बर्फ संपेपर्यंत थंड राहते, त्याचीच ही दुसरी बाजू. मायक्रोवेव्ह वापरू नये. त्यात एक भाग कोमट तर दुसरा कढत राहतो. लावण्यापूर्वी एक थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

खरे तर तापवण्याचीही गरज नसते. आपल्या तळहाताची त्वचा साधारण ३० अंशांच्या वर असते. घट्ट खोबरेलाचा चिमूटभर गोळा दोन्ही तळहातांत चोळला की तो काही क्षणांत वितळतो.

महत्त्वाची आहे ती खोलीची ऊब. उघड्या अंगाच्या बाळासाठी खोली २५ ते २८ अंशांपर्यंत उबदार असावी. त्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. त्याने झोपेतच माणसे दगावतात.

३. गरोदरपणी ताटात खोबरेल किती?

आहारशास्त्राच्या दृष्टीने खोबरेल हे आधी एक मेद आहे. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, सुमारे १४ ग्रॅम भरते. त्यातून साधारण १२० किलोकॅलरी मिळतात आणि सुमारे १२ ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार संपृक्त मेदातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावी. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम येते. दोन मोठे चमचे खोबरेल घेतले की ती ओलांडली जाते. दूध, तूप, पनीर यांचा हिशेब अजून बाकीच असतो.

गरोदरपणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मानक आहे. या वाढीव ऊर्जेबरोबर प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि फोलेटही यायला हवे. तेलातून फक्त ऊर्जा येते. म्हणून ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून मिळवणे शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीचा. त्यासाठी ओमेगा-३ गटातली मेदाम्ले लागतात. खोबरेल तेलात ती जवळजवळ नसतात. कोकणात आणि गोव्यात खोबरेलावर स्वयंपाक होत आला आहे. पण तिथल्या ताटात बांगडा आणि तारलीही होती, आणि ओमेगा-३ त्या मासळीतून येत होते. पानिपतला येताना खोबरेलाची बाटली सोबत आली, मासळी आली नाही. अशा घरात फोडणीला मोहरीचे तेल वापरणे चांगलेच आहे, कारण त्यात वनस्पतिज ओमेगा-३ असते. शरीर त्यातल्या थोड्याच भागाचे मेंदूला लागणाऱ्या रूपात रूपांतर करते. म्हणून अक्रोड, जवस, आणि खात असाल तर मासे, हेही असू द्यावेत. भाजीत किंवा चटणीत चमचाभर खोबरेल आवडत असेल तर ते सोडायचे कारण नाही. औषध म्हणून चमच्याने पिण्याचे मात्र कारण नाही.

आता काही समजुती. नारळ किंवा खोबरेल खाल्ल्याने बाळ गोरे होत नाही. रंग आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो. नवव्या महिन्यात तेल किंवा तूप प्यायल्याने बाळ 'घसरून' लवकर बाहेर येत नाही. आपण खातो ते पचनमार्गात जाते, बाळ गर्भाशयात असते. या दोन वाटा वेगळ्या आहेत. एरंडेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्याने जुलाब, उलट्या आणि गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते.

४. गरोदर बाईच्या त्वचेवर

पोट ताणले की त्वचा कोरडी पडते आणि खाज येते. अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर खोबरेलाचा पातळ थर दिल्यास पाणी उडून जाणे कमी होते आणि बरे वाटते. एवढा उपयोग खरा. पोटावरचे व्रण त्याने टळतात, हे मात्र सिद्ध झालेले नाही. ते व्रण त्वचेच्या खोल थरात पडतात आणि वरून लावलेले तेल तिथे काही करू शकत नाही.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात आणि तळपायांना तीव्र खाज येत असेल, ती रात्री वाढत असेल आणि अंगावर पुरळ दिसत नसेल, तर तेल लावून वाट पाहू नका. यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यात बाळाला धोका असतो. साध्या रक्त तपासणीने हे समजते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाळंतपणानंतर स्तनाग्रांना चिरा पडल्यास काही जणी खोबरेल लावतात. थोडे लावून, पाजण्यापूर्वी पुसून घेतले तर चालते. पण चिरांचे मूळ कारण बहुतेक वेळा बाळ नीट न पकडणे हे असते. ते दुरुस्त केल्याशिवाय कोणतेही तेल पुरे पडत नाही.

५. बाळाच्या त्वचेवर : काय तपासले गेले आहे?

त्वचा ही भिंत आहे. तिच्यातून पाणी बाहेर जाऊ नये आणि जंतू आत येऊ नयेत. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची भिंत बऱ्यापैकी तयार असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कच्ची असते. तिच्यातून पाणी उडते आणि त्याबरोबर उष्णताही जाते. एक हिशेब करून पाहू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. दीड किलोच्या बाळाचे तापमान एक अंशाने बदलायला साधारण ५.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे शरीराने भरपाई केली नाही, तर जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी उडाल्याने बाळ एक अंश थंड होईल. लहान बाळाला कोरडे ठेवून टोपी-मोजे का घालतात, हे यावरून कळते.

दिल्लीत दीड किलोहून कमी वजनाच्या ७४ नवजात बाळांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल लावलेल्या बाळांच्या त्वचेतून पाणी कमी उडाले. त्याआधी २००५ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे बाळांचे तीन गट केले होते : एकाला खोबरेलाने मालिश, दुसऱ्याला खनिज तेलाने, तिसऱ्यात तेल नव्हते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये खोबरेलाच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. कोणाला काय लावले जाते हे मालिश करणाऱ्यांना ठाऊक होते, ही या अभ्यासाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना तेल लावण्याचा विचार करता येईल, असे म्हटले. पण पुरावा फार भक्कम नसल्याचेही नोंदवले. म्हणून अशा बाळाला तेल लावायचे की नाही, केव्हा आणि किती, हे नवजात विभागाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी तेल ही गरज नाही. कोरड्या हवेत आराम देणारी आणि आईबाळाचा सहवास वाढवणारी गोष्ट आहे.

मोहरीच्या तेलाचा झणका ज्या रसायनामुळे येतो, ते त्वचेला चुरचुरते. काकू ज्याला 'गरम' म्हणतात तो बराचसा हाच परिणाम. उंदरांवरील प्रयोगात मोहरीच्या तेलाने त्वचेची भिंत दुरुस्त व्हायला उशीर झाल्याचे दिसले आहे. तेव्हा पानिपतच्या घरात मोहरी कढईत आणि खोबरेल बाळाच्या अंगावर, अशी वाटणी केली तर काकूंचाही मान राहतो आणि आईचाही.

६. टाळू, नाक, कान, नाळ

मराठी घरांत टाळू भरण्याची जुनी रीत आहे. बाळाच्या डोक्यावरची मोठी टाळू साधारण एक ते दीड वर्षात भरते, ती कवटीची हाडे वाढल्यामुळे. वरच्या तेलामुळे नाही. दोन बोटे तेल हलक्या हाताने लावल्यास हरकत नाही. पण टाळू खोल गेलेली दिसली, लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, तर ती पाणी कमी झाल्याची खूण असते. अशा वेळी टाळूवर तेल थापण्यात तासच्या तास गेल्याने बाळे अत्यवस्थ होतात. तेल बाजूला ठेवा, छातीशी घ्या आणि दवाखान्यात जा. टाळू फुगून घट्ट झाली असेल तरीही तसेच.

नाकात, घशात तेलाचे थेंब कधीही टाकू नयेत. तेल खोकला न उठवता श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्याने होणारा न्यूमोनिया अवघड असतो. कानात आणि डोळ्यांतही तेल नको. नाळ गळून पडेपर्यंत बेंबीला काहीही लावू नये. ती कोरडी व स्वच्छ ठेवावी. बाळाची छाती पिळून 'दूध काढणे' ही रीत सोडून द्यावी. त्याने गळू होतो.

डोक्यावर पिवळसर खपल्या असतील तर थोडे तेल लावून, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने खपल्या सोडवाव्यात आणि डोके धुवावे. तेल रात्रभर ठेवू नये, कारण या खपल्यांशी संबंधित बुरशी मेदाम्लांवरच वाढते. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा जाड थर दिल्यास घामोळ्या वाढतात. तेव्हा तेल कमी करावे किंवा बंद ठेवावे.

मालिश पाजल्यानंतर लगेच करू नये. हात हलका ठेवावा. सांधे ओढणे, बाळाला उलटे धरणे नको. ताप, फोड, पुरळ असेल तर मालिश थांबवावे. मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना आधी साबणाने हात धुवायला आणि बांगड्या-अंगठ्या काढायला मोकळेपणाने सांगावे. सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या तोंडात तेलाचा थेंबही नको, फक्त आईचे दूध. मालिशीनंतरचे कोवळे ऊन छान असते, पण तेलात ड जीवनसत्त्व नसते. डॉक्टरांनी दिलेले थेंब चालू ठेवावेत.

७. बाटली विकत घेताना

लहान बाटलीतले खोबरेल हे खाद्यतेल की केसांचे तेल, या करविषयक वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिला. शुद्ध खोबरेल केवळ लहान बाटलीत आहे म्हणून केसांचे तेल ठरत नाही, असा त्याचा सारांश. आपल्यासाठी यातून घ्यायचा धडा सोपा आहे : बाटलीचा आकार किंवा नारळाचे चित्र पाहू नका, लेबल वाचा. खाद्यतेल असल्याचा उल्लेख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असलेली, सुगंध व रंग न घातलेली बाटली बाळासाठी घ्यावी. 'हेअर ऑइल' लिहिलेली सुगंधी बाटली नको.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील खोबरेल किती तापमानाला घट्ट होते ते तापमापीने तपासा. वितळताना तापमान काही काळ जवळजवळ स्थिर का राहते?

२. तुमच्या घरात महिन्याला किती तेल-तूप लागते ते मोजा. माणशी, दिवसाला किती ग्रॅम पडते?

३. बाळाची टाळू खोल गेली आहे आणि घरातले कोणी तेल भरायला सांगत आहे. तुम्ही काय कराल? त्या वडीलधाऱ्या व्यक्तीला कोणत्या शब्दांत समजावाल, ते चार ओळींत लिहा.

४. घरातील गरोदर किंवा बाळंतीण बाईला हे टिपण वाचून दाखवा. तिला पडलेले प्रश्न वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.